एनक्लेक्सची पुस्तकं निवडण्याआधी स्वतःच्या चुका बघा

एका सिस्टरचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बीएससी नर्सिंग झालंय, त्यानंतर चार वर्षं आयसीयूत ड्यूटी, आणि पाचेक महिन्यांनी एनक्लेक्स-आरएन, म्हणजे अमेरिकेत नर्स म्हणून परवाना मिळवण्यासाठीची परीक्षा, द्यायची आहे. हाताशी एक जाडजूड रिव्ह्यू पुस्तक, मैत्रिणीने पाठवलेला पीडीएफचा ढीग, एका प्रश्नपेढीचं सबस्क्रिप्शन आणि व्हिडिओंच्या न संपणाऱ्या लिंका. प्रश्नपेढीत सरासरी ५२ टक्के येतात. बरोबरीची एकजण ८५ प्रश्नांत, म्हणजे कमीत कमी प्रश्नांत, पास झाली आणि ती म्हणते दुसरीच प्रश्नपेढी घे. ‘यातलं काय करू आणि काय सोडू?’

मी अमेरिकेत नर्स म्हणून काम करते आणि भारतातून या परीक्षेला बसणाऱ्या सिस्टर्सना बरीच वर्षं शिकवतेय. हा प्रश्न दर बॅचला येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्याकडे साहित्य कमी नाही, उलट गरजेपेक्षा जास्तच आहे. घोळ आहे तो निकषाचा. आपण लहानपणापासून पोर्शन पूर्ण करायला शिकलो, त्यामुळे पुस्तक हातात घेतलं की पहिला विचार येतो, ‘यात सगळं कव्हर होतं का?’ युनिव्हर्सिटीच्या पेपरला ते चालायचं. सहा मार्कांचं ‘डिस्क्राइब’ आलं की पाठ केलेलं उतरवायचं. एनक्लेक्समध्ये तुम्हाला न्यूमोनियाची व्याख्या कुणी विचारणार नाही. चार पेशंट समोर ठेवतील आणि विचारतील, आधी कोणाकडे जाल? अशा परीक्षेचं साहित्य निवडायचं, तर आधी आपण कुठे आणि का चुकतो ते माहीत हवं. ते कळलं की निम्मं साहित्य आपोआप गळून पडतं.

आता काही गोष्टी मी इथून ठरवू शकत नाही. कॉलेज सोडल्यापासून बाळंतपण, लहान मुलं, मानसोपचार या विभागांशी काही संबंध राहिला का, इंग्रजीतला लांबलचक उतारा किती वेगाने वाचता, ड्यूटी करून रोज किती तास हातात उरतात. ताजी पास झालेली मुलगी आणि दहा वर्षं एकाच ओटीत उभी राहिलेली सिस्टर यांना मी एकच यादी कधीच देत नाही. तुम्ही आयसीयूतल्या आहात, एवढ्यावरून माझा अंदाज असा की व्हेंटिलेटर, एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी), इनोट्रोप्स (हृदयाचं आकुंचन वाढवणारी औषधं) यांत तुम्हाला फारसं शिकायचं नसेल. प्रसूती, बालरोग, मानसिक आरोग्य आणि ‘कोणतं काम कोणाला सोपवायचं’ या भागांत मार्क जात असतील. अंदाज चुकूही शकतो. म्हणून आधी तपासा.

तपासायचं असं. नवीन काही न वाचता, आहे त्या प्रश्नपेढीतून सगळ्या विषयांचे मिसळलेले दीडएकशे प्रश्न तीन-चार बैठकांत सोडवा. विषयवार लावू नका. ‘कार्डियाक’ निवडून कार्डियाक सोडवलं की उत्तराचा अर्धा वास आधीच आलेला असतो. मग एका वहीत प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे एकाच ओळीत कारण लिहा. आणि जे अंदाजपंचे बरोबर आले त्यांच्यापुढेही लिहा, तेही चुकलेलेच धरा. ‘सिली मिस्टेक’ हे कारण चालणार नाही, ते कारण नाहीच.

कारणं साधारण चार पडतात. पहिलं, माहितीच नव्हती. दुसरं, माहिती होती, पण प्रश्न नीट वाचला नाही. उदाहरणार्थ, ‘पेशंटला अजून शिकवण्याची गरज कोणत्या वाक्यावरून दिसते’ असं विचारलेलं असताना बरोबर वाक्यावर टिक केली. तिसरं, माहिती होती, वाचलंही, पण दोन पर्यायांत अडकून चुकीचा निवडला. आणि चौथं, आपल्याकडे वॉर्डात जे करतो ते उत्तर दिलं. भारतातून आलेल्या मुलींच्या वह्यांत तिसरं आणि चौथं कारण मला सर्वांत जास्त दिसतं, आणि बाजारातलं बहुतेक साहित्य मात्र पहिल्या कारणासाठी बनलेलं असतं.

तिसऱ्या प्रकाराचं एक उदाहरण घेऊ, म्हणजे साहित्याचा दर्जा कुठे कळतो ते दिसेल. हँडओव्हर संपलाय. चार पेशंट आहेत: सीओपीडीचा (फुप्फुसांचा जुनाट आजार), २ लिटर ऑक्सिजनवर, सॅच्युरेशन ९० टक्के; काल थायरॉईड काढलेली बाई, ओठांभोवती मुंग्या येतायत म्हणते; गुडघा बदलल्याचा दुसरा दिवस, दुखणं दहापैकी सात; आणि मधुमेही, जेवणाआधी शुगर १९०, इन्सुलिन द्यायचंय. आधी कोणाकडे जाल?

आयसीयूतल्या सिस्टरचा हात ९० या आकड्याकडे जातो. उत्तर आहे थायरॉईडवाली बाई. साधी प्रश्नपेढी किंवा फुकटातला पीडीएफ इथे लिहितो, ‘ओठांभोवती मुंग्या हे कॅल्शियम कमी झाल्याचं लक्षण’, आणि पुढे सरकतो. तेवढं वाचून तुम्ही म्हणता, हे तर मला माहीत होतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा तसंच चुकता. चांगलं स्पष्टीकरण पुढचं सांगतं: शस्त्रक्रियेत पॅराथायरॉईड ग्रंथींना धक्का लागला की कॅल्शियम घसरतं, मुंग्यांनंतर आकडी येऊ शकते आणि स्वरयंत्र आवळलं जाऊ शकतं, म्हणजे श्वासमार्गच धोक्यात. आणि बाकीचे तिघं का थांबू शकतात तेही सांगतं. सीओपीडीत ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं, म्हणजे तो ९० अपेक्षित आहे. शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं खरं आहे, पण तेही अपेक्षित. १९० ला इन्सुलिन लागेल, पण त्यात तातडी नाही. ‘अपेक्षित की अनपेक्षित’ ही चाळणी तुमच्या हाती येते, आणि ती पुढच्या शंभर प्रश्नांना चालते.

म्हणून प्रश्नपेढी निवडताना मी किती हजार प्रश्न आहेत हे बघत नाही. ट्रायलचे दहा प्रश्न काढते, त्यांतले स्वतःचे चुकलेले उघडते आणि माझा चुकीचा पर्याय नेमका का चूक हे लिहिलंय का, तेवढं तपासते. यूवर्ल्ड या प्रश्नपेढीची स्पष्टीकरणं लांब आणि आकृत्यांसकट असतात, म्हणून तिची शिफारस जास्त होते. आर्चर ही दुसरी पेढी तुलनेने स्वस्त पडते आणि तिच्यावर पास झालेल्याही कितीतरी आहेत. दोघींपैकी कोणतीही चालेल. एक मात्र पूर्ण करा, स्पष्टीकरणांसकट, चुकलेल्यांची दुसरी फेरी घेऊन. दोन अर्धवट प्रश्नपेढ्यांपेक्षा एक संपवलेली बरी, हे माझं ठाम मत आहे.

चौथ्या कारणावर जरा थांबते, कारण इंग्रजीतल्या कुठल्याच पुस्तकात ते आपल्यासाठी म्हणून लिहिलेलं नसतं. आपल्याकडे पेशंटचं खाणंपिणं, उठवणं-बसवणं नातेवाईक करतात, बेडपॅन मावशी देतात, उरलेलं सगळं स्टाफ नर्स. अमेरिकेत आरएन (नोंदणीकृत नर्स), एलपीएन (तिच्याखालची, मर्यादित कामांची परवानाधारक नर्स) आणि सहायक अशी उतरंड असते आणि कोणतं काम कोणाचं याच्या रेषा आखलेल्या असतात. परीक्षेच्या दृष्टीने पहिली तपासणी, नवीन शिकवणं आणि ‘उपचाराचा उपयोग झाला का’ हे ठरवणं आरएनकडेच राहतं. स्थिर पेशंटला तोंडी औषध देणं, आधी शिकवलेलं पुन्हा सांगणं एलपीएनला देता येतं. स्थिर पेशंटचे व्हायटल्स, इनटेक-आउटपुट, फिरवून आणणं सहायकाला. वॉर्डात वर्षानुवर्षं सगळं स्वतःच केलेल्या बाईला ‘सोपव’ हे उत्तर पटतच नाही.

तसंच बोलण्याचं. घाबरलेल्या पेशंटला आपण म्हणतो, ‘काळजी करू नका, सगळं नीट होईल.’ एनक्लेक्समध्ये हा पर्याय हमखास चूक, कारण तो खोटा दिलासा धरतात. ‘असं का वाटतं तुम्हाला?’ हाही बहुधा चूक, कारण ‘का’ विचारल्यावर माणूस बचावात जातो. त्याची भीती नाव घेऊन मान्य करणारं आणि त्याला बोलतं करणारं वाक्य बरोबर. इथे पाठांतर कामाचं नाही, पन्नासेक प्रश्न सलग सोडवले की कान तयार होतो.

आणि औषधांची नावं! परीक्षेत जेनेरिक नावं असतात, पण ती अमेरिकेतली. आपलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन, नॉरॲड्रेनॅलिन म्हणजे नॉरएपिनेफ्रिन, पेथिडीन म्हणजे मेपेरिडीन, लिग्नोकेन म्हणजे लिडोकेन, ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड. औषध रोज हाताखालून जातं आणि नाव न ओळखल्यामुळे प्रश्न जातो, याच्याइतकं चुटपुट लावणारं दुसरं काही नाही. त्यासाठी पुस्तक विकत घेऊ नका, अशा जोड्यांचं एक पान स्वतःच्या हाताने लिहा.

आता तो पीडीएफचा ढीग. आधी जुनं-नवं वेगळं करा. परीक्षेचं स्वरूप १ एप्रिल २०२३ पासून बदललं. आता किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न, वेळ पाच तास. किमान ८५ पैकी १५ प्रश्न चाचणीसाठी टाकलेले असतात, त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. प्रत्येकाला तीन केस स्टडी येतात, प्रत्येकीत सहा प्रश्न, आणि त्या सहांचा क्रम वॉर्डातल्या विचाराचाच आहे: खुणा ओळखा, त्यांचा अर्थ लावा, सर्वांत शक्य आणि घातक काय ते ठरवा, उपाय सुचवा, कृती करा, परिणाम बघा. तुमच्या पीडीएफमध्ये ‘७५ ते २६५ प्रश्न, सहा तास’ लिहिलं असेल तर ते २०२० च्या आधीचं. ‘७५ ते १४५’ असेल तर २०२३ च्या आधीचं. ‘लागू असलेले सगळे निवडा’ या प्रश्नात एक चुकलं की शून्य, असं कोणी सांगत असेल तर तेही जुनं. आता अंशतः गुण मिळतात आणि त्या प्रकारात चुकीच्या निवडीचा गुण वजा होतो, फक्त शून्याच्या खाली जात नाही. त्यामुळे ‘जास्त टिका मारून ठेवू, काहीतरी लागेल’ हा हिशेब अंगाशी येतो.

जुन्या साहित्यातला शरीरक्रियेचा आणि आजारांचा भाग काही बिघडत नाही, हृदय तेच आहे. पण प्रश्नांच्या सरावासाठी ते वापरू नका. आणि ढिगात ‘परवाच्या परीक्षेत आलेले खरे प्रश्न’ अशा नावाची फाईल असेलच. ती उघडूही नका. उमेदवार प्रश्न बाहेर न सांगण्याच्या अटीवर परीक्षा देतात, ती मोडली तर निकाल रद्द होऊ शकतो. शिवाय आठवून लिहिलेले ते प्रश्न अर्धे असतात आणि उत्तरं कुणीतरी अंदाजाने ठोकलेली.

जे साहित्य बहुतेकजणी उघडतच नाहीत ते फुकट आहे. परीक्षा घेणारी संस्था एनसीएसबीएन आपल्या संकेतस्थळावर टेस्ट प्लॅन ठेवते. कोणत्या भागातून किती टक्के प्रश्न आणि त्या भागात नेमकी कोणती कामं येतात, सगळं त्यात आहे. २०२३ च्या प्लॅनमध्ये ‘मॅनेजमेंट ऑफ केअर’ला (काम सोपवणं, आधी कोणाकडे जायचं ते ठरवणं वगैरे) १५ ते २१ टक्के, औषधं आणि शिरेवाटेच्या उपचारांना १३ ते १९, सुरक्षितता आणि संसर्ग नियंत्रणाला १० ते १६, तर मानसिक-सामाजिक भागाला ६ ते १२ टक्के वाटा होता. प्लॅन दर तीन वर्षांनी नवा निघतो, तेव्हा तुमच्या तारखेला लागू असलेला उतरवून घ्या. तुमची चुकांची वही आणि हा प्लॅन शेजारी ठेवला की कुठे वेळ घालायचा ते दिसतं. संसर्ग नियंत्रणाचंच बघा. क्षयरोग, गोवर, कांजिण्या हवेतून पसरणारे म्हणून एन-९५ आणि वेगळी खोली; सी-डिफ या जुलाब करणाऱ्या जिवाणूच्या पेशंटनंतर हातांना सॅनिटायझर पुरत नाही, साबण-पाणीच लागतं. दोन संध्याकाळींचा अभ्यास, आणि तो ज्या भागात येतो त्याचा वाटा किमान दहा टक्के.

जाडजूड पुस्तक ठेवा, पण ते पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. वहीत ‘माहितीच नव्हती’ असा शिक्का ज्या विषयावर तीन-चारदा बसला, तेवढंच प्रकरण उघडा, वाचा, बंद करा आणि त्याच दिवशी त्यावरचे पंधरा-वीस प्रश्न सोडवा. पुस्तकाने कपाटात झोपायचं आणि बोलावल्यावरच उठायचं. व्हिडिओंचंही तेच. आम्ल-अल्कली संतुलन, गर्भाच्या हृदयाचे आलेख अशा वाचून डोक्यात न बसणाऱ्या गोष्टींसाठी एखादा बघा. तीन तास व्हिडिओ बघून अभ्यास केल्यासारखं वाटतं, हीच त्यातली गोम आहे. क्लासबद्दल विचारलेलं नाही, तरी सांगते: स्वतःहून बसून अभ्यास होत नसेल किंवा कॉलेज सोडून फार वर्षं झाली असतील तर क्लासच्या शिस्तीचा फायदा होतो. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला तो लागेल असं वाटत नाही.

आता ते ५२ टक्के. एवढ्या आकड्यावरून घाबरायचं कारण नाही. परीक्षा संगणक तुमच्या उत्तरांप्रमाणे जुळवत नेतो. बरोबर आलं की पुढचा जरा अवघड, चुकलं की जरा सोपा. तुमचं बरोबर यायची शक्यता निम्म्याच्या आसपास राहील असेच प्रश्न तो शोधत असतो. त्यामुळे तिथे हुशार मुलीलाही निम्मे प्रश्न अवघड जातात आणि बाहेर आल्यावर ‘गेलं सगळं’ असं वाटतं. निकाल टक्क्यांवर ठरत नाही, तुम्ही किती अवघड पातळीवर टिकून राहता यावर ठरतो. पास किंवा नापास असल्याची ९५ टक्के खात्री संगणकाला झाली की तो थांबतो, म्हणून ८५ वर पास होणारेही असतात आणि नापास होणारेही. मैत्रिणीचं ८५ हे तिच्या प्रश्नपेढीचं प्रमाणपत्र नाही. प्रश्नपेढीत बाकीच्यांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात आणि तिच्या तयारी-चाचणीचा निकाल काय सांगतो, हे बघा. आणि पहिल्या महिन्याचे ५२ वेगळे, शेवटच्या महिन्याचे वेगळे. हे जर ८० टक्के प्रश्न संपल्यानंतरचे असतील तर मात्र प्रश्नांची संख्या थांबवून चुकांच्या वहीकडे परत जावं लागेल.

पैशांची एक गोष्ट, कारण यात बरेच वाया जातात. परदेशातल्या उमेदवाराच्या कागदपत्रांची पडताळणी महिनोन्‌महिने रेंगाळू शकते, आणि परीक्षेला बसण्याची परवानगी, ज्याला एटीटी म्हणतात, ती आल्यावर तिच्या मुदतीतच परीक्षा द्यावी लागते. मी कितीतरी जणींना कागद निघण्याआधीच वर्षाचं सबस्क्रिप्शन घेताना पाहिलंय. एटीटी हातात येते तेव्हा ते संपत आलेलं असतं. एटीटी अजून लांब असेल तर या काळात पुस्तकातून कच्चे विषय भरून काढा, औषधांच्या जोड्यांचं पान लिहा, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी), एबीजी यांची सामान्य मूल्यं तोंडपाठ करा. प्रश्नपेढीचा खरा मारा तारीख दिसू लागल्यावर. तुमचं सबस्क्रिप्शन आधीच चालू झालंय, तर मध्ये थांबवता येतं का ते विचारून बघा.

दुसऱ्यांदा बसणाऱ्या कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: नापास झाल्यावर जो अहवाल मिळतो त्यात प्रत्येक भागात तुम्ही पास होण्याच्या पातळीच्या वर, जवळ की खाली होता ते दिलेलं असतं. दुःखाने तो फाडून टाकू नका. पुन्हा बसायला किमान ४५ दिवस थांबावं लागतं, आणि त्या दिवसांचं वेळापत्रक त्या अहवालातूनच निघतं.

तेव्हा तुमच्यापुरतं सांगायचं तर दुसरी प्रश्नपेढी आत्ता घेऊ नका. आहे ती संपवा, टेस्ट प्लॅन उतरवा, पुस्तक संदर्भाला ठेवा, पीडीएफचा ढीग मोबाईलवरून काढून टाका. शेवटच्या महिन्यात आहे त्या पेढीतले प्रश्न ओळखीचे वाटू लागले, पर्याय न वाचताच उत्तर आठवायला लागलं, तर दुसरीचं फक्त एका महिन्याचं घ्या आणि त्यात केस स्टडी आणि तयारी-चाचण्या तेवढ्या करा. दीडशे प्रश्नांची ती वही झाली की चार कारणांपुढचे आकडे मला कळवा. तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात किती पडले त्यावरून पुढच्या दोन महिन्यांचं आणखी नेमकं सांगता येईल.